गाण्याचा दुसरा जन्म



१९७३ सालीं ‘बॉबी’ नांवाचा हिंदी बोलपट प्रदर्शित झाला. तो राज कपूर यांनीं काढला होता व त्याचें संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीचें होतें. त्यांतलें ‘ना माँगूँ सोना चाँदी’ हें मन्ना डे व शैलेंद्र सिंग यांनीं गाइलेलें गाणें पुष्कळांना आठवत असेल. त्याचा ठेका एकदां कानांत बसला कीं पाय आपोआप ताल धरूं लागतात, आणि हें गाणें त्या बोलपटासाठींच जन्मलें असावें असें सहज वाटतें. वस्तुतः त्याचें मूळ त्याहून पाऊणशें वर्षांहून अधिक जुनें आहे. गोमंतकांत ‘देखणी’ नांवाचा नृत्यगीताचा एक प्रकार चालत आला आहे. त्यांतील ‘हांव साहिबा पलतडी वेतां’ या कोंकणी देखणीवर बोलपटांतील हें गाणें बेतलेलें आहे. पलतड म्हणजे नदीचा पैलतीर. कार्लोस एउजेनियो फेरेरा या गोमंतकीय संगीतज्ञानें एकोणिसावें शतक संपण्यापूर्वींच ही देखणी युरोपीय स्वरलिपींत उतरवून ठेवली होती.

जुन्या गाण्याला नवा गळा मिळतो, नवीं वाद्यें मिळतात, नवे शब्द मिळतात, आणि जें एका नदीकांठच्या लोकांपुरतें होतें तें देशभर होतें. यालाच मी गाण्याचा दुसरा जन्म म्हणतों. असा जन्म झाला म्हणून कोणी हळहळण्याचें कारण नाहीं. गाणें म्हटलें जाण्यासाठींच असतें, पेटींत कुलुपबंद राहण्यासाठीं नव्हे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें अशा वेळीं दोन प्रश्न विचारले पाहिजेत. गाणें पुढें गेलें तेव्हां त्यांतलें काय मागें राहिलें? आणि ज्यांनीं तें प्रथम म्हटलें, त्यांचें नांव त्याच्याबरोबर गेलें कीं नाहीं? ज्यांच्या नांवें सनदा नाहींत, ज्यांच्यावर बखरी लिहिल्या गेल्या नाहींत, अशा माणसांचा इतिहास बहुधा गाण्यांतच राहिलेला असतो. तेथूनहि तो पुसला गेला, तर मग दुसरीकडे कोठेंच तो सांपडावयाचा नाहीं. म्हणून हा विषय वरवर करमणुकीचा दिसला तरी मुळांत इतिहासाचाच आहे.

प्रथम ती देखणीच पाहूं. तींत एक कलावंतीण नदीच्या कांठीं उभी आहे. पलीकडच्या तीरावर दामू नांवाच्या कोणाचें लग्न आहे, मांडवांत कलावंतिणींचा खेळ व्हावयाचा आहे, आणि तिला तेथें जाऊन पोंचावयाचें आहे. वाट मात्र तिला ठाऊक नाहीं. ती नावाड्याची विनवणी करते आणि नावेचें भाडें म्हणून पायांतलीं पैंजणें काढून देऊं लागते. नावाडी तीं नको म्हणतो. प्रसंग एवढाच. ऐकणाराला त्यांत लाडिक शृंगार दिसतो, आणि तो आहेहि. परंतु जरा थांबून पाहिलें तर त्याच्या बुडाशीं पोटाचा प्रश्न आहे. नाचणें हा त्या बाईचा चरितार्थ, आणि पैंजणें हें त्या चरितार्थाचें साधन. तीं नावाड्याला दिलीं तर मांडवांत नाचावयाचें कशावर? न दिलीं तर मांडवांत पोंचावयाचें कसें? शेतकऱ्यानें बाजाराला जाण्याच्या भाड्यासाठीं नांगराचा फाळ गहाण टाकावा तसेंच हें आहे.

हें गाणें कलावंतिणीच्या तोंडीं असलें तरी तें दिवाणखान्यांत म्हणणारे लोक निराळे होते. गोमंतकांतील ख्रिस्ती घरांतून मुली कलावंतिणीसारखा वेष करून, केसांत फुलें माळून देखणी करीत. साथीला घुमटाचा ठेका व व्हायोलिन असे. सुरावट आपल्या इकडची आणि लयीचें वळण पुष्कळसें युरोपीय, असें तें मिश्रण होतें. आतां येथें इतिहासानें केलेली एक थट्टा पाहण्यासारखी आहे. मधला थोडा खंड सोडला तर १५६० पासून १८१२ पर्यंत गोव्यांत इन्क्विझिशन नांवाचें धर्मन्यायालय होतें. त्याच्या १७३६ च्या फर्मानानें ख्रिस्ती झालेल्या लोकांनीं लग्नकार्यांत जुने हिंदु रिवाज पाळूं नयेत असें ठरविलें. त्या निषिद्ध गोष्टींत लग्नांतल्या ओव्या म्हणणेंहि होतें. पुढें दीडशें वर्षें लोटलीं, आणि त्याच समाजाच्या दिवाणखान्यांत हिंदु देवळाशीं बांधलेल्या कलावंतिणीचें सोंग कौतुकानें आणलें जाऊं लागलें. दरवाज्यानें हांकून दिलेली वस्तु खिडकींतून खेळ म्हणून परत आली. हुकूम जेथें हरतात तेथें गाणीं जिंकतात, तीं अशीं.

बोलपटांत या गाण्याचें काय झालें? चाल राहिली, नाच राहिला, आणि ‘घे’ म्हणून आग्रह करणारें कोंकणी ध्रुवपदहि राहिलें. नदी मात्र गेली. नावाडी गेला, दामूचें लग्न गेलें, आणि पैंजणें काढून देणारी कलावंतीणहि गेली. मूळ गाण्यांत दागिना नाकारणारा नावाडी होता. बोलपटांत सोन्याचांदीची अपेक्षा नाहीं असें सांगणारा प्रियकर आला. एका गोमंतकीय कोळ्याच्या घरच्या आनंदाचें तें गाणें झालें. हा फेरफार वाईट झाला असें मी म्हणत नाहीं. बोलपटाला उल्हास हवा होता आणि तो त्याला मिळाला. हेंहि कबूल केलें पाहिजे कीं, बोलपट नसता तर सह्याद्रीच्या या बाजूला फारच थोड्यांच्या कानांवर ती चाल पडली असती. परंतु जें गाणें एका बाईच्या अडचणीचें होतें, तें दुसऱ्या जन्मांत कोणाच्याच अडचणीचें राहिलें नाहीं, एवढी नोंद आपण करून ठेवूं.

गोव्याच्या सुरांचें मुंबईच्या बोलपटांवरील ऋण या एका चालीपुरतें नाहीं. गोव्यांत चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन व स्वरलेखन शिकवीत. तें शिक्षण घेतलेले कितीतरी वादक पोटासाठीं मुंबईस आले आणि बोलपटांच्या वाद्यवृंदांत बसले. संगीत दिग्दर्शक चाल सांगे. ती चाळीस-पन्नास वाद्यांत वांटून कागदावर मांडण्याचें काम यांपैकीं कांहीं जाणते लोक करीत. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस हीं त्यांतलीं ठळक नांवें. पडद्यावरच्या श्रेयनामावलींत त्यांना क्वचितच जागा मिळे. यांतील गोन्साल्विस हे माजोर्ड्याचे. प्यारेलाल त्यांच्यापाशीं व्हायोलिन शिकले होते. १९७७ सालीं ‘अमर अकबर अँथनी’ बोलपटांत एका पात्राच्या तोंडीं अँथनी गोन्साल्विस या नांवाचें गाणें आलें, तें प्यारेलाल यांनीं आपल्या गुरूच्या सन्मानार्थ घातलेलें नांव होय. गाणें विनोदी आहे, पण त्या विनोदांत एका शिष्यानें गुरुऋण फेडलें आहे. ऋण फेडण्याला फार मोठा समारंभ लागत नाहीं; नांव घेतलें तरी पुरतें, याचा हा दाखला.

देखणींतली ती कलावंतीण निनांवी आहे. परंतु तिच्याच समाजानें हिंदुस्थानाला केवढे गळे दिले पहा! केसरबाई केरकर १८९२ सालीं गोव्यांतील केरी येथें जन्मल्या. मोगूबाई कुर्डीकर १९०४ सालीं कुर्डी येथें जन्मल्या. मंगेशीचे मास्टर दीनानाथ हेहि याच परंपरेंतले. केसरबाईंनीं गाइलेली भैरवी १९७७ सालीं ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर पाठविलेल्या सोनेरी तबकडीवर घातली गेली, आणि ती आज सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडें प्रवास करीत आहे. नदीपलीकडें जाण्यासाठीं नावाड्याची विनवणी करणाऱ्या बाईच्या नातीपणतींचा आवाज कोठवर पोंचला! मात्र तो पोंचला तो केसरबाईंच्या नांवानिशीं. मोगूबाईंचें कुर्डी गांव साळावली धरणाच्या पाण्याखालीं गेलें. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं त्याचे अवशेष उघडे पडतात. गांव पाण्यांत गेलें तरी आडनांवांत उरलें, कारण एका गायिकेनें तें आपल्या नांवापुढें लावलें होतें.

आतां आपल्या मराठी रंगभूमीकडे वळूं, कारण जुन्या चालीवर नवें पद बांधण्याचा उद्योग आपल्याइतका पद्धतशीर फार थोड्यांनीं केला असेल. अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास रंगभूमीवर आलें. अण्णासाहेब मूळचे बेळगांवकडील गुर्लहोसूरचे. त्यांनीं कीर्तनांतल्या साक्या-दिंड्या घेतल्या, लावणीच्या चाली घेतल्या, कानडी मुलखांतल्या चाली घेतल्या, आणि त्यांवर आपलीं पदें रचलीं. पुढें श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं १८९६ च्या ‘वीरतनया’पासून पारशी रंगभूमीकडील चालींचा भरणा केला. हें सर्व उघडपणें चालें. छापील नाटकांत पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘चाल’ असें लिहून ज्या जुन्या गाण्यावरून ती घेतली त्याचे आरंभीचे शब्द देत. हेतु अगदीं व्यवहारी होता: कोठल्याहि गांवच्या हौशी नटाला पद कसें म्हणावयाचें तें कळावें. परंतु त्या एका ओळीनें नकळत फार मोठें काम केलें. ती ओळ म्हणजे उसनवारीची खतावणी होती. अशा कितीतरी जुन्या लावण्या व पदें आज कोणी म्हणत नाहीं. पण कोण्या एका नाटकाच्या पानावर त्यांचे दोन शब्द अजून जिवंत आहेत.

या खतावणींत गाण्याचें नांव येई. गाणाराचें मात्र नेहमींच येत नसे. ‘एकच प्याला’ची हकिगत या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं वारले. गंधर्व नाटक मंडळीनें पुढच्याच महिन्यांत बडोद्यास त्या नाटकाचा पहिला प्रयोग केला. त्यांतील पदें गडकऱ्यांचे स्नेही विठ्ठल सीताराम गुर्जर यांनीं रचलीं, आणि पुष्कळ चाली दिल्या त्या सुंदराबाई जाधव यांनीं. सुंदराबाई या पुण्याच्या नामांकित गायिका. ठुमरी, गझल, लावणी, भजन या सर्वांत त्यांचा हात धरणारें कोणी नव्हतें. त्यांच्या बैठकींतल्या चालींवर सिंधूचीं पदें बांधलीं गेलीं, आणि सिंधूच्या वेषांत बालगंधर्व तीं गाऊं लागले. ज्या घरांतल्या स्त्रिया गाणाराणीच्या बैठकीची वाट कधीं चालल्या नसत्या, त्यांनीं तेंच गाणें पतिव्रता सिंधूच्या मुखांतून ऐकलें, डोळे पुसले, आणि घरीं येऊन देवघरांत तें गुणगुणलें. चालीला सोवळें नेसवून घरांत घेतलें. जिची ती चाल, ती बाई उंबऱ्याबाहेरच राहिली. सुंदराबाईंचें नांव रसिकांना ठाऊक आहे. १९३९ च्या ‘माणूस’ बोलपटांत त्यांनीं केलेली आईची भूमिकाहि पुष्कळांनीं नांवाजली आहे. तरीसुद्धां सिंधूचीं पदें म्हटलीं कीं बालगंधर्व आठवतात आणि सुंदराबाई आठवाव्या लागतात, हा फरक आहेच.

येथें मला गौहरजानची आठवण होते. १९०२ सालीं कलकत्त्यास ग्रामोफोनच्या तबकड्या प्रथम भरल्या जाऊं लागल्या तेव्हां ही गायिका गाणें संपतांसंपतां आपलें नांव मोठ्यानें इंग्रजींत उच्चारी. तबकड्या जर्मनींत तयार होत, आणि तेथल्या कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हें ओळखतां यावें म्हणून ही युक्ति होती असें सांगतात. कारण कांहीं असो, त्या चार शब्दांमुळें आज सव्वाशें वर्षांनींहि तिचें गाणें तिचेंच राहिलें आहे. आपल्या देशांत १९५७ चा ग्रंथस्वामित्वाचा कायदा आहे. १९९४ सालीं त्यांत गाणाराच्या व वाजविणाराच्या हक्काची भर पडली. २०१२ सालीं गीतकार व संगीतकार यांच्या मानधनाच्या हक्काला बळकटी आली. हें सर्व योग्यच झालें. पण कायदा ज्याला नांव आहे त्याच्याच पाठीशीं उभा राहतो. जें गाणें सर्वांचें तें कायद्याच्या दृष्टीनें कोणाचेंच नसतें, आणि जें कोणाचेंच नाहीं तें उचलावयास कोणाची परवानगी लागत नाहीं.

हें आपल्याकडेच घडतें असें नाहीं. कॅरिबियन समुद्रांतील जमेका बेटाचें एक उदाहरण सांगतों, कारण त्याचा धागा फिरून आमच्या सह्याद्रीपर्यंत येतो. या बेटावर उंसाच्या मळ्यांसाठीं आफ्रिकेंतून गुलाम नेले होते. १८३४ सालीं ब्रिटिश साम्राज्यांत गुलामगिरी कायद्यानें बंद झाली, १८३८ सालीं पूर्ण मोकळीक मिळाली, आणि १८४५ पासून गुलामांच्या जागीं हिंदुस्थानांतून करारबंद मजूर जाऊं लागले. १९६२ सालीं जमेका स्वतंत्र झालें. त्यानंतर पांचसहा वर्षांत तेथल्या गरीब वस्त्यांत ‘रेगे’ नांवाची गायकी तयार झाली. तिच्यांत गिटारचा आघात नेहमींच्या ठोक्यावर न पडतां दोन ठोक्यांच्या मध्यें पडतो. त्यामुळें झोक्यावर बसल्यासारखें वाटतें. २०१८ सालीं युनेस्कोनें तिला मानवजातीच्या सांस्कृतिक ठेव्यांत स्थान दिलें.

१९७० सालीं मेलोडियन्स नांवाच्या तिघां गायकांच्या संचानें ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ हें रेगे गीत ध्वनिमुद्रित केलें. तें ब्रेंट डो व ट्रेव्हर मॅकनॉटन यांच्या नांवावर आहे. त्याचा गाभा बायबलाच्या स्तोत्रसंहितेंतील १३७ वें स्तोत्र हा होय. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकांत बाबिलोनी राजानें यरुशलेम उध्वस्त केलें आणि यहुदी लोकांना धरून नेलें. तेथें नदीकांठीं ते आपला देश आठवून रडत बसले. धरून नेणारे त्यांना म्हणाले, तुमच्याकडचें एखादें गाणें म्हणा पाहूं! तेव्हां त्यांनीं वीणा झाडांना टांगून ठेवल्या. परक्या मुलखांत देवाचें गाणें म्हणावें कसें, हा त्यांचा प्रश्न होता. जमेकाच्या रास्ताफारी पंथाला या स्तोत्रांत आपलाच इतिहास दिसला. त्यांना आफ्रिकेंतून धरून आणलें होतें; जुलमी सत्तेला ते बाबिलोन म्हणत; आणि १९३० सालीं राज्याभिषेक झालेले इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांना ते ईश्वरी अवतार मानीत. म्हणून मेलोडियन्सच्या गाण्यांत देवाच्या जागीं या सम्राटाचीं रास्ताफारी नांवें आलीं. मूळ स्तोत्र कोठलें हें जमेकांत चर्चला जाणाऱ्या पोरालाहि ठाऊक होतें. त्यामुळें उसनवारी झांकण्याचा प्रश्न नव्हता. जुन्या शोकांत त्यांनीं आपला शोक ओतला.

आठ वर्षांनीं, १९७८ सालीं, पश्चिम जर्मनींतील फ्रँक फारियान यांनीं उभ्या केलेल्या ‘बोनी एम’ या संचानें तेंच गाणें म्हटलें. त्या संचांतल्या दोन गायिका जमेकांत जन्मलेल्या होत्या. गाणें इतकें चाललें कीं इंग्लंडांत तें पांच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलें आणि एकट्या त्या देशांत त्याच्या वीस लाखांहून अधिक तबकड्या खपल्या. आपल्या शहरांतल्या घरांतहि तें वाजलें. परंतु या दुसऱ्या जन्मांत रास्ताफारी नांवें काढून त्यांच्या जागीं पुन्हां बायबलांतील देव आणि साधेसुधे शब्द घातले होते. चाल हंसरी झाली, ठेका नाचरा झाला. ज्या गाण्यांत परक्यांनीं ‘गाऊन दाखवा’ म्हटल्याचें दुःख आहे, त्याच गाण्यावर अवघें युरोप नाचलें! या विसंगतीसाठीं मी कोणाला बोल लावीत नाहीं. त्या गाण्यामुळेंच पुढें कित्येकांनीं मेलोडियन्सची जुनी तबकडी शोधून ऐकली असेल. पण गोव्याच्या देखणींतून नदी जशी नाहींशी झाली, तसा येथें नदीकांठीं बसलेला माणूस नाहींसा झाला, हें साम्य नजरेआड करवत नाहीं.

आतां तो सह्याद्रीचा धागा. आमचा मुळशी तालुका घाटमाथ्यावर आहे. घाट उतरून खालीं कुलाब्याकडे गेलें कीं तेथें बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या यहुदी लोकांचीं जुनीं गांवें लागतात. ते तेलाचा धंदा करीत व शनिवार पाळीत, म्हणून शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. ज्या लोकांचें तें स्तोत्र, त्यांची एक शाखा शतकानुशतकें आमच्या पायथ्याशीं मराठींत संसार करीत होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर त्यांनीं मराठी कीर्तनाच्या थाटांत आपल्या धर्मग्रंथांतल्या कथा लावावयास आरंभ केला. म्हणजे चालींची देवघेव त्यांनींहि केली.

आणि घाटाच्या वर, आमच्याकडे, नदीकांठचें रडणें प्रत्यक्ष घडलें. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाशीं टाटा कंपनीनें धरण बांधावयास घेतलें. मुंबईला वीज हवी होती. सुमारे पन्नास गांवांच्या जमिनी पाण्याखालीं जाणार असें दिसतांच १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, मावळ्यांनीं सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी झाले, आणि येथेंच लोक त्यांना सेनापति म्हणूं लागले. वि. म. भुस्कुटे त्यांच्या जोडीला होते. तीन वर्षें झगडा चालला आणि अखेर धरण झालें. पाणी डोंगरांतून पश्चिमेकडे वळवून भिरा येथें १९२७ सालीं वीज होऊं लागली. गांवें उठलीं, भातखाचरें, देवळें आणि जातीं मांडलेल्या ओसऱ्या पाण्यांत गेल्या. त्या विजेवर मुंबई उजळली, हें खरें. आणि आमच्या डोंगरांतल्या वाड्यांत ती फार उशिरां आली, हेंहि खरें.

जात्यावर बसलेल्या आमच्या बाया कशाचीं गाणीं म्हणत? पुष्कळदां सीतेच्या वनवासाचीं. ओवी कोणी एकीनें रचलेली नसते. आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे येते आणि येतांयेतां बदलते. त्या ओवीच्या चालीला बाया ‘गळा’ म्हणतात. जमेकाच्या मजुरानें बाबिलोनच्या कांठीं आपलें दुःख ठेवलें, तसें मुळशीच्या सासुरवाशिणीनें रामानें टाकलेल्या सीतेच्या पदरांत आपलें दुःख बांधलें. दोघांनाहि स्वतःविषयीं बोलण्याची सोय नव्हती. जुन्या गाण्याच्या आडोशानें तीं बोललीं.

या ओव्या हवेंत विरून गेल्या असत्या. कारण पिठाच्या गिरण्या आल्या आणि पहाटेचीं जातीं थांबलीं. परंतु हेमा राइरकर व गी प्वातवँ या दोघा अभ्यासकांनीं विसाव्या शतकाच्या अखेरीस डोंगरांतल्या वाड्यावस्त्यांवर हिंडून त्या गोळा केल्या. कामाचा आरंभ मुळशी-मावळच्या डोंगरी टापूंतच झाला. पुढें तें काम महाराष्ट्रभर पसरलें आणि एक लाखाहून अधिक ओव्या लिहून झाल्या. हजारों ओव्यांचे आवाजहि बेर्नार बेल यांच्या साहाय्यानें ध्वनिमुद्रित झाले. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानें त्या लोकांपुढें मांडावयास घेतल्या. या कामांतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अगदीं साधी आहे. ओवीपुढें ती म्हणणाऱ्या बाईचें नांव आणि तिचें गांव लिहिलें आहे. ती बाई ओवीची कवयित्री नव्हे, हें लिहिणारांना ठाऊक होतें. तरी जिच्या गळ्यानें ओवी आपल्यापर्यंत आणली, तिचें नांव त्यांनीं गाळलें नाहीं. किर्लोस्करांच्या काळच्या ‘चाल’ या ओळीहून ही नोंद एक पाऊल पुढें आहे: तेथें गाण्याची आठवण होती, येथें गाणाराचीहि आहे.

उद्यां एखादा तरुण संगीतकार यांतलाच एखादा गळा उचलील, त्याला विजेचीं वाद्यें जोडील, आणि तें गाणें गांवोगांव वाजेल. त्यानें तें अवश्य करावें. कलावंतिणीचें गाणें दिवाणखान्यांत गेलें, सुंदराबाईंच्या चाली सिंधूच्या तोंडीं गेल्या, स्तोत्र जमेकांत गेलें. यांतलें कांहींच घडलें नसतें तर आपण सारेच गरीब राहिलों असतों. माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, पैलतीरीं गेलेल्या गाण्यानें ऐलतीराचें नांव टाकूं नये.

आकाशवाणीवर गाणें लावण्यापूर्वीं निवेदक गायक, गीतकार व संगीतकार यांचीं नांवें सांगतात. ही फार चांगली रीत आहे. तिच्यामुळें आमच्या पिढीला कितीतरी नांवें पाठ झालीं. या तिन्हींच्या जोडीला, जेथें ठाऊक असेल तेथें, चौथेंहि एक नांव सांगावें: मूळ चाल कोणाची, निदान कोठली. गोव्याची देखणी, जमेकाचें रेगे, मुळशीची ओवी, एवढे दोन शब्द पुरेत. ते उच्चारावयास दोन पळेंहि लागणार नाहींत.